देर्सूची बंदूक

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा ‘देर्सू उझाला’ हा १९७५चा रशियन चित्रपट सत्यकथेवर आधारलेला आहे. कप्तान आर्सेनेव्ह उसुरीच्या अरण्यात मोजणीसाठी जातो. तेथे त्यास देर्सू हा वृद्ध नानाई शिकारी भेटतो. झोपडी सोडताना देर्सू मीठ, तांदूळ व काड्यापेटी मागे ठेववितो. कोणासाठी? कधी भेटणारही नाही अशा पुढच्या वाटसरूसाठी! खान्का सरोवरावरील वादळात गवताचा निवारा रचून तो कप्तानाचे प्राण वाचवितो.

पुढे त्याची दृष्टी मंदावते आणि आर्सेनेव्ह त्यास शहरात आपल्या घरी आणतो. तेथे पाण्यास पैसे पडतात हे पाहून तो संतापतो. बागेतील झाड तोडले म्हणून पकडला जातो. छोटाउदेपूरहून बडोद्यास बांधकामावर येणारे राठवा मजूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य दूरदेशीचे वाटणार नाही.

अखेर देर्सू अरण्यात परततो. नेम सोपा जावा म्हणून कप्तान त्यास नवी बंदूक देतो. बहुधा तिच्याच लोभाने त्याचा खून होतो. स्नेहात खोट मुळीच नव्हती. परंतु चित्रपटाचा आरंभ पाहावा: १९१०मध्ये आर्सेनेव्ह मित्राचे थडगे शोधीत येतो, तो खुणेची झाडे तोडून तेथे वसाहत उभी राहत असते. ती त्याच्याच नकाशांच्या मागून आली, असे म्हणावयास हरकत नाही.