वाद्यावरचं नाव



रांजणगावजवळच्या कारेगावच्या आसपास यात्रेला ऑर्केस्ट्रा येतो, तेव्हा कार्यक्रमाआधीची मांडामांड जरूर पाहा. की-बोर्डवाला स्टँड उभा करतो, वायरी जोडतो आणि मग काळी चिकटपट्टी काढून वाद्याच्या पाठीवरची ठळक पांढरी अक्षरं झाकून टाकतो. उन्हाळ्यात वायरिंगच्या साध्या पट्टीचा गोंद पाघळतो, वाद्य चिकट होतं. म्हणून जाणते वादक कापडी पट्टी वापरतात. काही जण पार्टीच्या नावाचं कापडच पुढे सोडतात.

पोरं विचारतात, एवढं भारी वाद्य, मग नाव कशाला लपवायचं?

अहो, ती अक्षरं वादकासाठी नसतातच. त्याच्या बाजूला सुरांच्या पट्ट्या आणि बटणं. नाव मागच्या अंगाला, थेट लोकांसमोर. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगाव औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी फलक लावायचा तर कंपनीला भाडं मोजावं लागतं. मग पदरचे पैसे घालून वाद्य घेतलेल्या कलाकाराने तीच जाहिरात रात्रभर फुकट का करावी? दूरचित्रवाणीवर तर पुष्कळदा वाहिनीच नाव झाकायला लावते, कारण प्रायोजक दुसराच असतो. मोठ्या वादकांचे एखाद्या कंपनीशी करार असतात. दुसऱ्या कंपनीचं नाव दाखवणं त्यांना परवडत नाही.

आणि एक कारण कुणी मोठ्याने बोलत नाही. वाद्य स्वस्तातलं असलं, की सुपारी देणारा नाव वाचून बिदागी पाडून मागतो. हे मला फार लागतं. बोटांतली वर्षानुवर्षांची मेहनत त्या नावावर कशी मोजणार?

वाद्यावरून वाद पूर्वीही झाला होता: ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली. ती 1971 मध्ये सैल झाली. बंदीचा तो निर्णय मला पटत नाही. पण पेटी कोणत्या कारखान्याची, हा तिथे प्रश्नच नव्हता. तिच्या ठरीव सुरांतून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप होता. वाद बरोबर असो वा चूक, तो सुरांचा होता.

मात्र सगळीच नावं झाकावीत, असं मी म्हणणार नाही. मिरजेत पंढरपूर–मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांचे तानपुरे घडतात. जवारी लावणारा कारागीर घोडीचा माथा कानसेने किंचित घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. तारेचा झंकार भरून येईपर्यंत हे चालतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट. पण मैफलीत त्या कारागिराचं नाव क्वचितच कानावर येतं.

आपल्या यात्रांमधल्या निवेदकांना माझं एवढंच सांगणं आहे: देणगीदारांची यादी वाचून झाली, की ढोलकीवर कोण, पेटीवर कोण, की-बोर्डवर कोण, हे नावानिशी सांगा. आणि ढोलकी कुणी मढवली, तेही सांगा.