युरोपची विद्यार्थी-सहल : आधी कागद, मग कपडे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दादर येथे केलेले भाषण)



मंडळाने येत्या मे महिन्यात विद्यार्थ्यांची दुसरी तुकडी युरोपास पाठविण्याचे योजिले आहे. त्या संबंधाने चार व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्या, अशी चिटणीसांची आज्ञा झाली म्हणून आम्ही उभे आहोत. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. सारी नोकरी परळच्या एका प्राथमिक शाळेत गेली आणि साठी उलटेपर्यंत आमचा लांबचा प्रवास म्हणजे गणपतीस कोकणात जाणे. 2024 च्या मे महिन्यात पहिली तुकडी निघाली तेव्हा तिच्याबरोबर आमची रवानगी झाली, ती विद्वत्तेमुळे झाली असे कोणी समजू नये. आम्हांस मुले मोजण्याची सवय आहे, एवढाच आमचा अधिकार होता.

समुद्रगमन आणि ज्ञाति यांचे नाते या मुंबईत एके काळी फार निराळे होते. 1888 साली मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी बॅरिस्टर होण्याकरिता विलायतेस जावयाचा म्हणून राजकोटाहून मुंबईस येऊन राहिला होता. त्याच्या मोढ वाणी ज्ञातीची येथे सभा भरली. शेठांनी त्यास जाब विचारला आणि तो ऐकेना तेव्हा त्यास ज्ञातिबाह्य ठरविले. जो त्यास साहाय्य करील, किंवा बंदरावर पोहोचवावयास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरला. मुलगा 4 सप्टेंबर रोजी बोटीत बसला तो बसलाच. 1891 साली तो परत आल्यावर वडील बंधूंनी त्यास नाशकास नेऊन गोदावरीचे स्नान घडविले आणि राजकोटात ज्ञातिभोजन घातले. आज आपली ज्ञाति स्वतःच सभा भरवून मुलांस पाठवीत आहे, हा पालट आम्हांस मोठा वाटतो. मात्र त्या सव्वा रुपयाच्या दंडाची आठवण गेल्या खेपेस विमानतळावर आम्हांस फार निराळ्या रीतीने झाली. ती हकीकत प्रथम सांगतो, कारण बाकीचे सारे तिच्यातूनच निघते.

आमची यादी बावीस विद्यार्थ्यांची होती. गेले एकवीस. राहिला तो लालबागचा. आजोबा गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहीत. वडील मुलाच्या लहानपणीच वारले. आई लोअर परळच्या कचेऱ्यांत डबे पोचविते. ज्या आवारात सासऱ्याने साचे चालविले तेथेच आता त्या कचेऱ्या उभ्या आहेत. मुलगा हुशार, बारावीची परीक्षा दिलेला, खर्च मंडळाच्या निधीतून व्हावयाचा. सारे ठीक होते. परंतु व्हिसाच्या अर्जास पालकाच्या बँकेचा मागील तीन महिन्यांचा उतारा आणि आयकराचे विवरणपत्र जोडावे लागते. डब्याचा धंदा रोखीचा. खात्यात काही हजार रुपये, आणि विवरणपत्र तर कधी भरलेलेच नाही. तेव्हा आम्ही एक युक्ती काढली. नातेवाईक व दोन दात्यांकडून दोन लाख रुपये गोळा करून, अर्जाच्या आधी आठवड्यात ते त्या माउलीच्या खात्यात भरावयास लाविले. ही युक्ती आमचीच, दुसऱ्या कोणाची नव्हे. ज्या खात्यात महिन्याकाठी चार-पाच हजारांची उलाढाल, त्यात एकाएकी दोन लाख येऊन पडले, हे पाहून कोणाही शहाण्या अधिकाऱ्यास संशय येईल. निघण्यास सहा दिवस उरले असता पासपोर्ट परत आला, आत छापील नमुन्यावर खुणा केलेले नकाराचे पत्र. निर्वाहाच्या साधनांविषयी खात्री पटत नाही, असा त्याचा आशय होता. अपिलाचा मार्ग असतो, पण सहा दिवसांत अपील होत नाही. प्रवास-कंपनीने अनामत रक्कमही परत केली नाही, कारण तसे कलम आम्ही सही केलेल्या कागदावरच होते.

रात्री दोन वाजता आम्ही विमानतळावर जमलो तेव्हा हा मुलगा तेथे हजर. इतरांच्या पेट्या उचलून देत होता, वजनाच्या काट्यावर ठेवून पाहत होता. ज्याने जावयाचे तोच पोहोचवावयास आलेला. त्या वेळी आम्हांस 1888 ची ती सभा आठवली. त्या सभेने निदान उघडपणे अडविले होते. आम्ही हौसेने अडविले.

म्हणून प्रथम कागदांविषयी. कपड्यांच्या खरेदीस पालक जानेवारीपासून दादरच्या बाजारात फिरू लागतात आणि कागद एप्रिलात शोधतात. हा क्रम उलटा करावा. पासपोर्ट आजच उघडून पाहा. अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट सामान्यतः पाच वर्षांचा असतो. बाराव्या वर्षी कोठे सिंगापूरला गेले तेव्हा काढलेला पासपोर्ट अकरावी-बारावीच्या वेळेस नेमका संपतो आणि तो कपाटात असल्याने सारे निर्धास्त असतात. युरोपातून परत निघण्याच्या तारखेपुढे निदान तीन महिने तो चालणारा हवा, गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. नाव, वडिलांचे नाव, आडनाव पासपोर्टावर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने तिकिटावर यावी. अज्ञान मुलांच्या बाबतीत आईवडील दोघांची संमती लागते. वडील वारले असल्यास मृत्यूचा दाखला, आणि दोघे विभक्त असल्यास न्यायालयाचा कागद. हे विचारताना संकोच वाटतो खरा, तरी आम्ही प्रत्येकास विचारणार आहोत, तेव्हा राग मानू नये.

शेंगेन नावाची जी व्यवस्था आहे तीत आज 29 देश आहेत आणि एका व्हिसावर ते सारे हिंडता येतात. अर्ज मात्र ज्या देशात सर्वांत अधिक मुक्काम, त्याच्या वकिलातीकडे करावयाचा. मुक्काम सारखे असल्यास जेथे प्रथम पाऊल ठेवावयाचे त्या देशाकडे. जाण्याच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज घेतात आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. पण शेवटच्या दिवसांवर विसंबू नये, कारण मार्च-एप्रिलात भेटीची वेळ मिळता मिळत नाही. बोटांचे ठसे देण्यास प्रत्येकाने जातीने जावे लागते. शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार निराळा, आणि नकार आला तरी शुल्क परत मिळत नाही. शिक्षणाकरिता जाणाऱ्या विद्यार्थ्यांस व त्यांच्याबरोबरच्या शिक्षकांस ते माफ होते, परंतु आपली सहल त्या व्याख्येत बसेल असे धरून चालू नये. वैद्यकीय विमा 30,000 युरोंहून कमी नसावा. ऑक्टोबर 2025 पासून तेथील सीमेवर छायाचित्र व ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे उतरल्यावर रांगेस वेळ लागेल. पहिल्या दिवशी काही पाहावयाचे ठरवूच नये.

लंडनविषयी दरवेळी आग्रह होतो. इंग्लंडचा व्हिसा निराळा, त्याचा खर्च निराळा, आणि पासपोर्ट एका ठिकाणी अडकला की दुसरा अर्ज खोळंबतो. विद्यार्थ्यांच्या तुकडीस हे झेपत नाही असे आमचे मत झाले आहे. ज्यांस लंडन पाहावयाचे असेल त्यांनी ते स्वतंत्रपणे पाहावे.

आता पैशाचे. ज्या कुटुंबाकडे विवरणपत्र व पुरेशी शिल्लक आहे त्याचा प्रश्न नाही. ज्याच्याकडे नाही, त्याच्याकरिता मंडळाने पुढे यावयाचे. पण ते वर्षभर आधी, आणि त्याच्या खात्यात पैसे न ओतता. मंडळाने ठराव करून खर्चाची हमी आपल्या नावाने लेखी द्यावी, नोंदणीचा दाखला व तपासलेले हिशेब जोडावे, तिकीट व मुक्कामाचे पैसे थेट भरून त्यांच्या पावत्या अर्जास लावाव्या. पालकाने आपली मिळकत थोडी असली तरी दरमहा बँकेत भरावी आणि विवरणपत्र दाखल करावे. त्याचा दुसराही एक उपयोग आहे. परदेशी सहलीच्या पैशांवर कंपनी जो कर आगाऊ कापून घेते, तो विवरणपत्र भरणाऱ्यास वळता करून किंवा परत मिळतो. न भरणाऱ्याचे पैसे सरकारजमा राहतात. म्हणजे गरिबास सहल अधिक महाग पडते. निधीच्या विद्यार्थ्यांची निवड म्हणूनच यापुढे आदल्या जूनमध्ये झाली पाहिजे, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.

निधीकरिता हात आखडणाऱ्यांस एक सांगावेसे वाटते. या परळच्याच चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1920 साली अपुरा अभ्यास पुरा करण्यास पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीत साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर. एवढ्या बुद्धीच्या पुरुषासही तिकिटासाठी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागला. आपली मुले तर बारा दिवसांकरिता जाणार. त्यांस मित्र शोधावयास लावू नये.

मुक्कामाकरिता युवक-वसतिगृहे उत्तम. ही कल्पना एका शाळामास्तरचीच, हे कळल्यावर आम्हांस मोठे समाधान वाटले. रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक 1909 साली मुलांस घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळात सापडले. रात्र एका रिकाम्या शाळेत काढावी लागली, आणि सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात मग त्यांत मुले का राहू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. पुढे आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिले वसतिगृह निघाले. आपल्याकडील यूथ होस्टेल्स असोसिएशनचे सभासदत्व घेतल्यास तेथेही चालते. पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर वापरू देतात. आमच्याबरोबरच्या बाईंनी तेथे मुलांकडून मुगाची खिचडी करविली, आणि ज्या मुलाने घरी पाण्याचा पेला उचलला नव्हता त्याने एकवीस ताटल्या घासल्या. शिदोरीत थालिपिठाची भाजणी, मेतकूट, लालबागचा चिवडा खुशाल न्यावा. तूप, पेढे, खवा मात्र घेऊ नये. बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास त्या देशांत मनाई आहे. आजीने दिलेला डबा अधिकाऱ्याने टोपलीत टाकिला की मुलाचे डोळे भरून येतात, हे आम्ही पाहिले आहे. लोकरीचे जाड कोट मे महिन्यात निरुपयोगी. पायात महिनाभर वापरलेले बूट आणि अंगावर पावसाचे हलके जाकीट पुरे.

काय पाहावे याविषयी आमचा आग्रह एवढाच, की थोडे पाहावे. पॅरिसला तीन दिवस, जिनिव्हा, म्युनिक, आणि परत. गेल्या खेपेस लूव्हर संग्रहालय आम्ही मंगळवारी ठेविले आणि ते मंगळवारी बंद असते हे दारापाशी गेल्यावर कळले; वेळापत्रक आम्हीच केले होते. अठरा वर्षांखालील मुलांस तेथे प्रवेश विनामूल्य आहे, हेही तेव्हाच समजले. जिनिव्हाजवळ सर्न ही अणुकणांच्या संशोधनाची संस्था आहे. भारत 2017 पासून तिचा सहयोगी सदस्य आहे. तेथील दर्शनास पैसे पडत नाहीत, पण गटाची नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते. आवारात भारताने 2004 साली भेट दिलेली नटराजाची मूर्ति उभी आहे. गिरगावच्या एका मुलीवर आम्ही ते स्थळ समजावून सांगण्याचे काम सोपविले होते. तिने महिनाभर वाचन करून तेथे मराठीत वीस मिनिटे सांगितले, आणि शेजारून जाणारे दोन भारतीय संशोधक थांबून ऐकत राहिले. या वेळी प्रत्येक विद्यार्थ्यास असे एक स्थळ वाटून द्यावयाचे आहे. ज्यास पाठ करून बोलावयाचे असेल त्याने आत्ताच सांगावे, म्हणजे त्यास आम्ही वगळू.

एक शेवटची बाब तारखांची. प्रवेश-परीक्षा आणि महाविद्यालयांचे प्रवेश लक्षात घेऊन परतीचा दिवस ठरवावा. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, आणि मुली असल्यास एक शिक्षिका अवश्य. प्रत्येकाने पासपोर्टाची प्रत निराळ्या खिशात ठेवावी. युरोपीय संघात कोठेही संकटात 112 हा क्रमांक फिरवावा. बाकीचे छापून देणार आहोत.

तो लालबागचा मुलगा आता महाविद्यालयात दुसऱ्या वर्षास आहे आणि मागील रांगेत बसला आहे. त्याच्या आईने विवरणपत्र भरले, त्याची पावती आमच्या या पिशवीत आहे. पूर्वीचा नकार अर्जात लपवावयाचा नाही, कारण तो त्यांच्या नोंदीत पाच वर्षे राहतो. त्याचा खुलासा चिटणीसांनी लिहून ठेविला आहे. या वेळच्या यादीत पहिले नाव त्याचे आहे. सभा संपल्यावर आम्ही व्यासपीठाच्या डाव्या अंगास टेबल घेऊन बसतो. ज्यांनी पासपोर्ट बरोबर आणिले असतील त्यांनी रांगेने यावे. चहा त्यानंतर आहे.