बुरख्याचा घेर आणि डिझाइनचा अर्ज



मी सॉफ्टवेअरवाला. कपड्यांतलं मला इस्त्रीपलीकडे काही येत नाही. तरी इथे धाराशिवमध्ये फॅशनवर बोलतोय, कारण सुट्टीत गावी आलो की बारावीची मुलं अर्ज तपासायला आणतात. इंजिनिअरिंगला मार्क बोलतात. परदेशी आणि काही खासगी विद्यापीठं मात्र ‘हेच का शिकायचंय?’ असं विचारतात, आणि तिथे आपली मुलं अडतात.

परांड्याकडच्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘मला लहानपणापासून फॅशनची खूप आवड आहे.’ हे कुणीही लिहील. मी विचारलं, घरी काय करतेस? म्हणाली, अम्मीबरोबर बुरखे शिवते. मग हळूहळू बोलती झाली. मोटारसायकलवर मागे बसलं की बुरख्याचा घेर चाकात अडकायची भीती. म्हणून तिनं घेराच्या आतून पट्टी लावली, बसताना घेर उचलून गुडघ्याजवळ अडकवता येईल अशी. पहिलं बटण ओढ बसून तुटलं. मग टिच बटण लावलं, ते धक्क्यानं सुटायचं. शेवटी दोन लावली. शेजारच्या खालांनी वापरून पाहिलं.

मी म्हटलं, अगं, हेच तर डिझाइन! अर्जात का नाही?

ती म्हणाली, “भाई, बुरख्याचं लिहिलं तर घेतील का?”

प्रश्न खरा आहे. अर्ज वाचणाऱ्याच्या मनात काय असेल, याची हमी मी देऊ शकत नाही. पण ते काढून टाकलं तर त्या कागदावर तिचं असं काहीच उरत नव्हतं. मी तिला म्हटलं, लिही, आणि तुटलेल्या बटणाचा फोटोही लाव.

‘निफ्ट’चं गणित वेगळं. बी.डिझाइनला आधी लेखी परीक्षा, त्यात चित्रकल्पना आणि सामान्य क्षमता. मग सिच्युएशन टेस्ट. तिथे समोर साहित्य ठेवतात आणि वस्तू बनवायला सांगतात. शिलाई मशीनवर बसलेल्या हातांना ते परकं नसतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल तर बी.एफ.टेक. पण बघा, आपल्याकडे त्याचं नावही कुणी घेत नाही.

आणखी एक. काही जण अर्जात ‘आमचा महान वारसा’ म्हणून इंटरनेटवरचा मजकूर चिकटवतात. त्यापेक्षा सोलापूरला जाऊन चादरीचा माग बघा, संभाजीनगरला हिमरू बघा. मश्रू नावाचं कापड आहे: बाहेरून रेशीम, अंगाला सुती. पुरुषांनी अंगाला रेशीम लावू नये, म्हणून काढलेली ही तोड. नावाचा अर्थच ‘शरियतला चालणारं’. नियम पाळून सुंदर काय करता येईल, हे आपल्या विणकरांनी कधीच सोडवलंय. पण हात लावून बघितलं असेल तरच लिहा.

फी लाखांत आहे, हे लपवत नाही. घरच्या उत्पन्नानुसार मदतीची योजना आहे, ती वाचा. ओबीसीत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. अर्ज साधारण वर्षाअखेरीस निघतात आणि तहसीलच्या चकरा तुम्हाला माहीत आहेत, तेव्हा ते काम आधी उरका. ज्यांनी अर्जाचा कच्चा मसुदा आणलाय, त्यांनी थांबा; मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे.