जुनी मोटारसायकल : दोष इंजिनाचा कीं क्लचचा ?

बुलेट मोटारसायकलींची जुळणी मद्रासला १९५५ सालीं सुरू झाली. पॉइंट असलेल्या त्या जुन्या गाड्या परभणी जिल्ह्यांत कोणी हौसेनें, कोणी गरजेनें सांभाळतात. जिंतूरच्या बाजूचा चढ लागतो, ऊन चाळीस अंशांवर असतें, मागें घरचें माणूस बसलेलें असतें, आणि गाडी दम सोडते. "इंजिन गेलें" असा निकाल तेथेंच दिला जातो व पुष्कळदां चांगलें इंजिन विनाकारण उघडलें जातें. तेव्हां हत्यार उचलण्यापूर्वीं कानानें परीक्षा करावी.

मूठ पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाहीं, तर क्लच घसरत आहे. आवाज व वेग दोन्ही मंदावतात आणि ब्रेकहि धरून बसलेला नाहीं, तर इंजिनाकडे वळावें.

या क्लचच्या प्लेटा तेलांत फिरतात व स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. क्लच वायर फार ताणलेली असल्यास दांडी न ओढतांहि तो दाब थोडा सुटतो. म्हणून दांडीला २-३ मिलिमीटर सैलपणा ठेवावा. त्यानेंहि न भागल्यास तेल योग्य आहे कीं नाहीं तें पाहावें. प्लेटा व स्प्रिंगा त्यानंतर. उलट, गिअर टाकतांना खरखर होत असेल तर वायर फार सैल आहे किंवा प्लेटा चिकटल्या आहेत. गाडी बरेच दिवस उभी असल्यास इंजिन बंद ठेवून, दांडी दाबून चार किका माराव्या. प्लेटा मोकळ्या होतात.

इंजिनाला पेट्रोल, ठिणगी व दाब या तीन गोष्टी लागतात. काळ्या मातीच्या धुळीनें हवेची जाळी तुंबते व प्लग काजळतो. प्रथम ती स्वच्छ करावी. पॉइंटमधील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावें.

दाबाची परीक्षा मात्र शेवटीं करावी. या गाडीची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते. त्यामुळें क्लच घसरत असला तरीहि किक हलकी लागते, आणि व्हॉल्व्ह व रिंगा यांवर उगाच संशय जातो. क्लच निर्दोष असून किक हलकी लागली, तरच इंजिन मिस्त्रीच्या स्वाधीन करावें.