कॉलेजचा जीएस

नीरेकाठच्या सारोळ्याहून एसटीने भोरला किंवा पुण्याला कॉलेजला जाणाऱ्या मुलांनो, जीएसच्या, म्हणजे जनरल सेक्रेटरीच्या, निवडणुकांचे किस्से घरात ऐकले असतील. हाणामाऱ्या वाढल्या, प्रकरणं खुनापर्यंत गेली. मग 1994च्या विद्यापीठ कायद्याने मतदानाऐवजी गुणांवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात झाली. आता वर्गात पहिला येणारा मुलगा इतरांसाठी भांडेलच असं थोडंच आहे?

2016च्या विद्यापीठ कायद्याने थेट मतदान परत आणलं. अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी आणि एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, ही पदं मतदानाने भरायची. 2019मध्ये वेळापत्रकही लागलं, पण विधानसभेची निवडणूक आडवी आली आणि निवडणुका लांबल्या. या कायद्याआधीच विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीने उमेदवाराच्या खर्चाला 5000 रुपयांची मर्यादा सुचवली होती.

जीएसचं पद मिरवायला बरं. काम मात्र किचकट. गॅदरिंगला मांडववाला आगाऊ पैसे मागतो, पावती द्यायला टाळतो आणि हिशेब तुमच्या गळ्यात. प्रॅक्टिकल सुटायच्या आत एसटी निघून जात असेल, तर आगारप्रमुखांकडे नुसतं तोंडी गाऱ्हाणं नेऊ नका. गावनिहाय पासधारकांची यादी आणि प्राचार्यांचं पत्र जोडा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि आठवड्याने पुन्हा जा.