कोणाच्या हाताखाली?

(संस्थेच्या ओरोस येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पेशाने शाळामास्तर. शल्यचिकित्सेवर बोलण्याचा माझा अधिकार तो किती? परंतु दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्यापैकी कितीतरी जण गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सर, ह्याला डॉक्टर करायचा आहे, होईल ना?" २०२१ साली इथे ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून तर हा प्रश्न अगदी दारात आला आहे. नीटचे गुण, फी, वसतिगृह, सगळी चौकशी आपण करतो. एक चौकशी मात्र राहून जाते. आपला मुलगा किंवा मुलगी शिकणार कोणाच्या हाताखाली? आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

'हाताखाली' हा शब्द आपण सुताराला लावतो, गवंड्याला लावतो. तांडेलाच्या हाताखाली पोरगा दर्या शिकला, असे म्हणतो. सर्जनला तो तितकाच लागू आहे. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, एक वर्ष इंटर्नशिप, त्यापुढे एम.एस.ची तीन वर्षे. ह्या शेवटच्या तीन वर्षांत पुस्तके तर असतातच, परंतु टाका किती ओढावा, रक्त अचानक उसळले तर आधी बोट कुठे ठेवावे, आणि कोणत्या रोग्यावर सुरी मुळीच चालवू नये, हे समोर उभ्या असलेल्या उस्तादाकडूनच घ्यावे लागते.

पुण्याचीच एक हकीकत सांगतो. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक गाडीवान होता. तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. क्रूसो व फिंडले ह्या दोघा इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू ह्या लंडनच्या सर्जनने आधी प्रेतांवर हात बसवला आणि मग तशी शस्त्रक्रिया जिवंत माणसावर केली, ती १८१४ साली! छापील वर्णन वीस वर्षे हाताशी होते, चित्रही होते. दाखवणारा तेवढा नव्हता. ज्याच्याकडे ही विद्या होती तो पुण्याजवळ विटा पाडीत होता, आणि त्याचे नावही कोणी नीट लिहून ठेवले नाही.

ह्याच विद्येचा पुढचा मोठा उस्ताद हॅरॉल्ड गिलीज. जन्म न्यूझीलंडचा, काम इंग्लंडमध्ये. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेले सैनिक त्याच्याकडे येत. १९१७ साली सिडकप येथे उघडलेल्या रुग्णालयात पाच हजारांवर जखमींवर उपचार झाले. चेहऱ्यांची चित्रे काढायला त्याने हेन्री टोंक्स हा चित्रकार बरोबर घेतला होता, तोही मुळात सर्जन. हाताखालच्यांना गिलीज एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवी. सुरी उचलण्याआधी नेमके काय गमावले आहे ते ठरवा आणि मगच त्याच जातीची भरपाई करा.

ह्या गिलीजच्या हाताखाली आपल्याकडचा एक तरुण शिकला. डॉ. नोशीर अंटिया, जन्म १९२२, हुबळीचा. इंग्लंडमध्ये राहून भरपूर कमावता आले असते. ते परत आले आणि पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात जाऊन काम करू लागले. कुष्ठरोग औषधाने आटोक्यात येतो, परंतु बसलेले नाक तसेच राहते, आणि त्या नाकामुळे बऱ्या झालेल्या माणसालाही गावात, घरात कोणी घेत नाही. इथे उस्तादाची शिकवण कामी आली. नेमके काय गमावले आहे? बाहेरची कातडी शाबूत असते. आतले अस्तर रोगाने नष्ट होऊन आकसते, आणि ते नाकाला आत ओढून बसवते. म्हणजे कपाळाची कातडी काढण्याची, चेहऱ्यावर आणखी एक व्रण करण्याची गरजच नाही! वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन आकसलेला भाग मोकळा करावयाचा आणि अंगावरच्या दुसऱ्या जागेची पातळ त्वचा आतून अस्तर म्हणून लावावयाची. ही पद्धत गिलीजने दुसऱ्या रोगांनी बसलेल्या नाकांसाठी काढली होती. अंटियांनी ती कुष्ठरुग्णांसाठी वापरली.

पुढे त्यांनी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि तिथे अनेक तरुण सर्जन तयार केले. १९७५ मध्ये लोकांच्या आरोग्याच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली आणि अलिबाग तालुक्यातील मांडव्याच्या बाजूस गावातील साध्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ साली ते वारले. मला ह्यात मोठी वाटते ती त्यांनी केलेली निवड. गिलीजचे इतर शागिर्दही नावाजले, पैसाही मिळवला, त्यात वाईट काही नाही. अंटियांनी मात्र उस्तादाचा हात कोंढव्याला नेला.

शागिर्दाला वाढवण्याची ही रीत जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शिष्याने आधी भोपळा, काकडी, कलिंगड ह्यांवर छेद घेण्याचा आणि कापडाच्या कडांवर टाके घालण्याचा सराव करावा असे सांगितले आहे. इसवी सनाच्या दहाव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळ अबुल कासिम अल्-जहरावी हा सर्जन होऊन गेला. त्याच्या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे, हत्यारांच्या चित्रांसह. तो आपल्या शिष्यांना 'मुलांनो' म्हणून संबोधतो. आणि आरंभीच काय सांगतो? एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिनी तोडली आणि ती बाई तिथेच मेली. शिष्यांना आधी भय आणि जबाबदारी, मग हत्यारे.

आता जरा कडू बोलतो. सगळेच उस्ताद असे नसतात. माझा एक माजी विद्यार्थी, नाव सांगत नाही, मोठ्या शहरातील एका रुग्णालयात एम.एस.ला लागला. वरिष्ठ थिएटरमध्ये सर्वांसमोर बापावरून शिव्या देत, प्रश्न विचारला की चिमटा फेकून मारीत. दोन महिन्यांत पोरगा मला फोनवर म्हणाला, "सर, मी सोडतो, मला हे जमणार नाही." घरचे म्हणत, सोसायला हवे, उस्तादाचा मार असतोच. मला हे पटत नाही. भ्यालेला शागिर्द चूक झाली की लपवतो, आणि ती रोग्याच्या पोटात राहते. सुदैवाने त्याचे युनिट बदलले. नव्या सरांनी हर्नियाच्या पहिल्या शस्त्रक्रियेला सुरी त्याच्या हातात दिली आणि स्वतः समोर, मदतनिसाच्या जागी उभे राहिले. तासभर फारसे बोलले नाहीत, एकदा फक्त त्याचे मनगट धरून थांबवले. बाहेर येऊन नातेवाइकांशी ते स्वतः बोलले. काही बिघडले असते तर तेही त्यांनीच सांगितले असते, एवढे पोराला कळले. तो टिकला.

म्हणून पालकहो, प्रवेशाच्या वेळी इमारत पाहून परत फिरू नका. वरच्या वर्गातील मुलांना विचारा. मोठे डॉक्टर रात्री बोलावल्यावर येतात का? शिकणाऱ्याला स्वतःच्या हाताने किती शस्त्रक्रिया करावयास मिळतात? मृत्यू झाला की दुसऱ्या दिवशी सगळे बसून त्याची चर्चा करतात, की नुसताच दोषी शोधतात? आणि मुलींना थिएटरात उभे करतात की वॉर्डातील कागद लिहायला बसवतात? आपल्या मुलींविषयी हा शेवटचा प्रश्न जरा ठासून विचारा, 'सर्जरी हे बायकांचे काम नव्हे' असे आपल्याच घरातून ऐकून त्या जातात. आपल्या जिल्ह्यातील गंभीर रुग्ण आजही गाडीत घालून गोव्यात बांबोळीला न्यावा लागतो. ह्या मुलामुलींपैकी कोणी चांगल्या उस्तादाच्या हाताखाली तयार होऊन इकडे आले, तर त्यातल्या काहींची तरी ती वाट वाचेल.

तो माझा विद्यार्थी मे महिन्यात घरी येणार आहे. अकरावी-बारावीच्या मुलामुलींशी बोलायला तो कबूल झाला आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे संस्थेच्या कार्यालयात द्यावीत.