राख, चुना आणि लशीचा थेंब
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



"सॉफ्टवेअरमध्ये काय चाललंय ते सांग," असा मला निरोप होता. पण आज मी कोंबड्यांवर बोलणार आहे. शाळेत असताना जे लपवलं, ते आता सांगून टाकते.

आमच्या परसात बारा-पंधरा गावठी कोंबड्या होत्या. आठवीत असताना माझ्या वेणीत पीस निघालं, सगळा वर्ग हसला, आणि मी खुराड्याकडे फिरकणंच सोडलं.

आजीचा नेम मात्र कधी चुकला नाही. चुलीतली गार राख चाळून ती कोरड्या मातीत मिसळायची आणि कोपऱ्यात पसरायची. कोंबड्या त्यात मनसोक्त लोळायच्या. बारीक धूळ उवा-पिसवांच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि त्या सुकून मरतात, हे मला फार नंतर कळलं. खुडूक कोंबडी 21 दिवस एका जागी बसते, म्हणून तिच्या टोपलीत अंड्यांखाली राख आणि कडुलिंबाचा पाला असायचा.

एकदा कोंबड्यांचे तुरे फिकट पडले, अंडी कमी झाली. दिवसा अंगावर काहीच सापडेना. आजी रात्री कंदील घेऊन गेली. खुराड्याच्या फटींतून बारीक लाल किडे बाहेर पडून रक्त पीत होते. "चोर रात्री येतो, मग दुपारी पहारा देऊन काय उपयोग?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी फळ्यांवर उकळतं पाणी ओतलं, त्या उन्हात वाळवल्या आणि फटी चुन्याने बुजवल्या. आज एखादी चूक फक्त मध्यरात्रीच दिसते, तेव्हा मी माझ्या टीमला हेच सांगते, की ती घडते त्या वेळी जागे राहा.

दहावीच्या सुट्टीत मात्र मानमोडी आली. कोंबड्यांच्या माना वाकड्या झाल्या, हिरवट हगवण लागली. आजीने हळद दिली, लसूण दिला. आठवड्यात दोनच कोंबड्या उरल्या. हा रोग विषाणूचा, त्यावर औषध नाही. तो होऊ नये म्हणून लस आहे, पण ती आम्ही कुणी विचारायला गेलोच नव्हतो. आजी रडली नाही. "माझी राख उवांपुरतीच गं," एवढंच म्हणाली.

पुढची पिल्लं निघाली, तेव्हा सातव्या दिवशी ती स्वतः टोपली घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. प्रत्येकाच्या डोळ्यात लासोटा लशीचा एकेक थेंब घालून आणला. घरी आल्यावर राख चाळायला बसली ती बसलीच.

आपल्यापैकी काही जण आता गावी परतून कोंबड्या पाळतात. त्यांना एवढंच सांगेन, राख-चुना सोडू नका आणि लस चुकवू नका. कुठलं काम कुणाचं, हे ओळखणारी माझी आजी माझ्या पदवीच्या आधीची माझी पहिली इंजिनिअर होती.

आणि हो, आज माझ्या केसांत पीस निघालं, तर हसा खुशाल. मी लपवणार नाही.